ओल्या पाट्या

उद्यानातल्या माळीकामातून निवृत्त झाल्यावरही हे दर रविवारी मला तिथल्या काचघरात रमतगमत फिरवायचे. तिथली झाडांच्या नावाची प्रत्येक पाटी ह्यांच्याच हातची. हल्ली डोळे अधू झालेले. तरी पाटी बोट टेकवून वाचायची, पान खुडून हुंगायचं, अर्धं स्वतः चघळायचं, अर्धं मला द्यायचं, हा शिरस्ता सुटला नव्हता. आजही तसंच झालं. "दालचिनीला वासच कसा नाही?" मी विचारलं. "तुझं नाक चोंदलंय!" ह्यांनी मलाच वेड्यात काढलं. तेवढ्यात ह्यांच्या बोटाला ओला रंग दिसला. समोरून नवा माळी ब्रश घेऊन आला. "बरं झालं भेटलात, काका! रंगवायला सगळ्या पाट्या एकदम काढल्या, लावताना घोळ झाला. विषारी झाडांच्याही त्यातच आहेत. कुठली कुठं लावायची, तुम्हीच सांगा." ह्यांनी सांगायला तोंड उघडलं. जीभ वळेना. माझं अर्धं पान अजून गालातच होतं.