नंबर नसलेली चकती

वेंडलचा हात चुकला म्हणता? साफ खोटं. आणि हे खोटं तपासायला तुम्ही वरच्या त्या काचेच्या खोलीतून एक जिनाही उतरला नाहीत.

नऊ लिफ्ट परत आल्या होत्या. व्हीलचेअर माणसासकट गाडीत चढवणाऱ्या लिफ्ट. दोन-तीन महिने धड चालायच्या, मग किंचाळायच्या, मग मधेच अडकायच्या. गेल्या आठवड्यात एक म्हातारी भर बर्फात पाऊण तास अधांतरी लटकली. नऊच्या नऊ वेंडलने जोडलेल्या. दुपारी तीनपर्यंत मार्लिसने कॉम्प्युटरवर दोषाचा फॉर्म भरायचा, की सोमवारपासून वेंडल घरी.

मार्लिस कारखान्यात कामांचे कागद काढायची, म्हणजे कुठल्या कामाला कुठले भाग लागतात त्याच्या याद्या. लिफ्टच्या कागदावर बेचाळीस भाग होते. परत आलेल्या लिफ्टमध्येही बेचाळीसच निघाले. तिने स्वतः मोजले. सगळं जागच्या जागी. मग अडतंय काय? तिला राहवेना. मागच्या वर्षीची एक लिफ्ट नुसत्या रंगासाठी आली होती. ती तिने वेंडलच्या टेबलावर आणवली.

"खोल ही."

"कशाला? माझी पाठवणी ठरलीये. वर केकसुद्धा आणला असेल."

"तोंड बंद, पाना चालू."

वेंडलने लिफ्टचा हात सोडवला, खीळ ओढून काढली आणि थांबला. खीळ आणि हात यांच्यामध्ये एक काळी, पातळ चकती होती. नाण्याएवढी.

"ही माझ्या कागदावर नाही," तो म्हणाला.

मार्लिसने कागद पाहिला. नव्हती. ड्रॉइंग पाहिलं. त्यातही नव्हती. परत आलेल्या नऊ लिफ्टमध्ये तर नव्हतीच.

वेंडल कारखान्यातल्याच दुसऱ्या टेबलावरून मे महिन्यात इथे आला होता. त्याआधी एकोणीस वर्षं इथे आयोन होती. एप्रिलमध्ये ती निवृत्त झाली. मार्लिसने तिला तिथूनच फोन लावला. पलीकडून मासे तळल्याचा आवाज येत होता; शुक्रवार होता, आणि शुक्रवारी तिच्याकडे मासेच असायचे.

"अगं, ती फायबरची चकती!" आयोन म्हणाली. "ती नसली की लोखंडावर लोखंड घासतं. पहिल्या वर्षीच मी वर जाऊन सांगितलं होतं, हिला कागदावर घ्या. तर म्हणे, चार सेंटच्या वस्तूला आपण नंबर देत नाही, साठाही ठेवत नाही, किरकोळीत घाल. मग मीच जाता-येता हार्डवेअरच्या दुकानातून आणायचे."

किरकोळ. मार्लिसने कागदाच्या तळाशी पाहिलं. बेचाळीस भागांच्या खाली, बारीक अक्षरांत एक ओळ होती: किरकोळ, लागेल तसं. पुढे बरोबरची खूण. नऊही कामांच्या कागदांवर. ती खूण कुणी माणूस करत नव्हता. कॉम्प्युटरवर काम पूर्ण दाखवलं की ती आपोआप उमटायची. अकरा वर्षं हे कागद काढून मार्लिसने कधी विचारलं नव्हतं की या ओळीत नक्की असतं काय.

"ठेवायचीस कुठे?"

"कॉफीच्या लाल डब्यात, टेबलाखाली. चांगला अर्धा भरून ठेवून आलेय. त्या पोराला म्हणावं, हात घाल."

'पोरगा' अठ्ठावन्न वर्षांचा होता. तो गुडघ्यांवर बसून टेबलाखाली गेला. तिथे स्वच्छ पुसलेली फरशी होती. डबा नव्हता.

दोघांनी एकाच वेळी हजेरीच्या घड्याळाकडे पाहिलं. घड्याळाशेजारी एप्रिलच्या शेवटी वरून आलेला कागद अजून चिकटलेला होता. 'ज्या वस्तूला नंबर नाही, ती शुक्रवारपर्यंत कचऱ्यात.' खाली झोकदार सही. तेव्हा सगळा कारखाना चकाचक झाला होता, आणि शाबासकी म्हणून वरून डोनट आले होते.

"मी दोन खाल्ले होते," वेंडल हळूच म्हणाला.

तीनला वीस मिनिटं होती. घड्याळाखालच्याच कॉम्प्युटरवर मार्लिसने फॉर्म उघडला. 'दोषाचं कारण' या चौकटीत तिने लिहिलं, चकती. चौकट लाल झाली: असा नंबर अस्तित्वात नाही. तिने लिहिलं, किरकोळ. लाल. लाल डबा. लाल. मग काय होतं ते बघावं म्हणून तिने ३१८ टाकला. वेंडलच्या हजेरीकार्डाचा नंबर.

चौकट हिरवी झाली. पुढचं पान आपोआप उघडलं.

"बघ की," वेंडल म्हणाला. "मला ओळखतो तो."

तिने आकडा खोडला. तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. वरून, काचेच्या खोलीतून.

"मार्लिस, फॉर्म झाला का?"

"कारण सापडलं. चार सेंटची चकती. तिचा डबा कचऱ्यात गेला."

"चकतीला नंबर आहे?"

"नाही."

"मग फॉर्म ती घेणार कशी? वेंडलचा टाक ना, तो घेतो. आणि आवर आता, माझी मीटिंग आहे."

वेंडल चकती बोटांत धरून उभा होता. मार्लिसने घड्याळाशेजारचा कागद पुन्हा वाचला, पहिल्या अक्षरापासून सहीपर्यंत. वर बसणारे हजेरीचं कार्ड दाबत नाहीत. अकरा वर्षांत कुठल्याच यादीत तिने त्यांच्या नावापुढे नंबर पाहिला नव्हता.

"वेंडलचा नाही," ती म्हणाली. "डबा फेकायचा हुकूम ज्याने काढला, त्याचा टाकते. सही समोरच आहे, तुमची. मी लिहायला बसलेय. बोला, तुमचा नंबर किती?"