निळ्या चौकड्यांचं ठिगळ

"हे भोक तुम्ही बुजवलंत?"

व्हर्लीनबाईंनी एवढंच विचारलं आणि प्रतिमानं मान डोलावली. बुजवलं होतं खरं! बाईंनी अस्तर लावायला दिलेलं हे पडद्याएवढं कापड. त्यावर रंगवलेलं जहाज, जहाजात दाटीवाटीनं कोंबलेली काळी माणसं आणि बरोबर मधोमध वीतभर भोक. शिवायला आलेलं कापड फाटकं परत द्यायचं नाही, ही प्रतिमाच्या माहेरची शिस्त. तिनं ट्रंकेतून निळ्या चौकड्यांचा तुकडा काढला आणि गोधडीला लावतात तसं बारीक टाक्यांचं ठिगळ लावलं. वर स्वतःवरच खूश!

"ते मी मुद्दाम कापलं होतं," बाई म्हणाल्या. "ती माझ्या पणजीच्या आजीची जागा. आफ्रिकेतून गुलाम म्हणून जहाजात घालून तिला बार्बाडोस बेटावर आणलं. ती दिसायला कशी होती, आमच्यात कुणालाच ठाऊक नाही. म्हणून ती जागा रिकामी."

प्रतिमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँड गावातल्या चार ओळखीच्या बायकांचे ब्लाउज शिवणारी ती. कॉलेजात चित्रकला शिकवणाऱ्या बाईंनी विश्वासानं काम दिलं. शनिवारी ह्यूस्टनला प्रदर्शन. आणि हिनं करायला घेतला गणपती, झाला मारुती. कुणी सांगितला होता गं तुला हा शहाणपणा?

"सॉरी बाई, व्हेरी सॉरी," म्हणत तिनं ब्लेड उचललं. "आत्ता उसवून देते. टाक्यांची खूणसुद्धा राहणार नाही."

बाईंचं बोट मात्र ठिगळावरून फिरत होतं. "हे कापड कुठलं?"

"माझ्या वडिलांच्या दुकानातलं." निदान हे तरी चांगलं सांगण्यासारखं होतं, म्हणून ती घाईघाईनं बोलत सुटली. "आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. पूर्वी सुरतेच्या बंदरातून अशाच निळ्या चौकड्या जहाजं भरभरून आफ्रिकेला जायच्या. वडील अजून सांगतात, आपलं कापड पुढं टाकलं की तिकडं म्हणाल ते मिळायचं!"

बाईंनी तिच्या हातातलं ब्लेड हळूच काढून घेतलं आणि टेबलावर ठेवलं.

"राहू द्या ते ठिगळ," त्या म्हणाल्या. "अशाच चौकड्या देऊन तिला विकत घेतलं होतं."