ताटातले गिअर

“सगळं मुसळ केरात!” म्हणत हे गॅलरीतल्या पाटावर मटकन बसले.

आमच्या जुन्या गाडीचा गिअरबॉक्स घरीच दुरुस्त करायचा हा तिसरा रविवार. सुटे केलेले गिअर क्रमाने राहावेत म्हणून ह्यांनी ते लग्नात आलेल्या, देणाऱ्यांची नावं कोरलेल्या ताटांत मांडले होते. “यातलं तुला कळायचं नाही,” म्हणून मला हातही लावू दिला नव्हता. आणि आज थकून, धुवायचे म्हणून सगळे एकदम डिझेलच्या बादलीत ओतले. आता कुठला कुठे, ह्यांनाच कळेना.

माझीही कंबर मोडून आली होती. तरी फरशीवर बसले आणि बादलीतून एकेक काढून पुसू लागले.

“हा इंदूआत्यांच्या ताटातला. हा झिजल्या दातांचा, विठूमामांच्या. ही पितळी कडी माझ्या आईच्या.”

“तुला कसं ठाऊक?”

“दोन आठवडे वाडग्यांत जेवतोय आपण. कुठलं ताट कशानं अडवलंय, ते रोज बघत होते.”



“सांग, आधी कुठला बसवू?” असं विचारत हे उठले, आणि स्वतःचा पाट माझ्याकडे सरकवला.