फोटोत तोंड येत नाही

“आजारी कामगाराच्या पाठीशी उभं राहणं, हे स्वतंत्र देशाचं पहिलं कर्तव्य आहे,” असं लक्ष्मणराव फाटकापाशी खोक्यावर उभे राहून म्हणाले, तेव्हा सगळ्या कामगारांनी टाळ्या वाजवल्या. भाषणानंतर चहा आहे, हे आधीच जाहीर झालं होतं.

पिंपरीच्या त्या कारखान्यात औषधाच्या बाटल्या तयार होत. औषध दुसरीकडे भरलं जाई. लक्ष्मणराव तिथल्या कामगार संघटनेचे चिटणीस. मुंबईच्या गिरणी कामगारांना सरकारी विमा मिळाला, तो पिंपरीपर्यंत पोचेना, म्हणून मालक आणि संघटनेनं मिळून तशीच योजना काढली होती. पगारातून थोडं कापायचं. आजारी पडणाऱ्याला इस्पितळात खाट आणि घरी अर्धा पगार. अट एकच. आधी प्रत्येकाच्या छातीचा फोटो निघणार. त्यासाठी पुण्याहून गाडी येणार.

“फोटोत काय निघालं तर?” मागून सयाजीनं विचारलं.

“तर उपचार.”

“आन् नोकरी?”

“नोकरीचा सहानुभूतीनं विचार होईल.”

असा विचार झालेला एक जण सयाजीच्या माहितीचा होता. भट्टीवरचा आबाजी. तो हल्ली शेळ्या राखत होता.

“म्हंजे निरोग्याचा पगार कापायचा आन् आजाऱ्याची नोकरी,” सयाजी म्हणाला. “मंग ह्यात बरं कुनाचं व्हनार, राव? इस्पितळाचं?”

हशा झाला. “बोला सयाजीभाऊ, थांबू नका!” कुणीतरी ओरडलं. सयाजी बोलत राहिला. दर वाक्याच्या शेवटी तो खोकत होता. ऐकणाऱ्यांना ते ठासून बोलणं वाटलं.

हात वर झाले. सयाजीच्या बाजूचे जास्त निघाले. लक्ष्मणरावांनी सभेचे आभार मानले आणि योजना मंजूर झाल्याचं सांगितलं. गाडीचा दिवस मॅनेजरसाहेबांनी आधीच ठरवला होता.

रहाटणीला घरी सयाजीच्या बायकोनं, यशोदाबाईनं, त्याचा रुमाल वेगळा धुतला. दसऱ्यापासून ती तो वेगळाच धुवायची. पाणी लाल व्हायचं.

“शेत कारखान्याच्या भिंतीत गेलं तवा ही नोकरी मिळाली,” ती म्हणाली. “आता नोकरी गेल्यावर काय मिळतं, ते बी इचारायचं व्हतं तुमच्या लक्ष्मणरावास्नी.”

सयाजीनं खोकला दाबला. तीन पोरं आत झोपली होती.

बोलला तो मालोजी. यशोदाबाईचा धाकटा भाऊ, चऱ्होलीचा पैलवान. दिवाळीपासून बहिणीकडेच होता. यंदा आखाड्यात उतरला नव्हता. जोडीचा गडीच मिळत नाही म्हणायचा.

“दाजी, तुमच्या जागी मी हुबा राहतो की. फोटोत तोंड न्हाई येत. फासळ्याच येत्यात.”

“आरं, पैलवानाची छाती माझ्या शर्टात मावंल व्हय?”

मालोजीनं खुंटीवरचा कारखान्याचा शर्ट काढून घातला. एकूण एक गुंडी लागली.

“अगं बया! जनू मापाचाच शिवलाय,” यशोदाबाई म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली.

गाडी आली. डॉक्टर पुण्याचे, कुणाला ओळखत नव्हते. ते फक्त बिल्ल्यावरचा नंबर पाहत होते. कामगारांना ओळखणारे लक्ष्मणराव पाहुण्यांना कारखाना दाखवत होते. रांगेत त्या दिवशी अनोळखी तोंडं बरीच होती. धडधाकट भाऊ, भाचे, शेजारी. शेजारच्याकडे कुणी निरखून पाहत नव्हतं. मालोजीनं सयाजीचा बिल्ला लावला, सांगितल्याबरोबर श्वास धरला आणि कपाळ पुसत खाली उतरला.

“लई उकडतंय आत,” तो म्हणाला.

पुढचे दिवस सयाजी भट्टीच्या आवाजात खोकून घ्यायचा. यशोदाबाईनं देवीला ओटी बोलली. मग एका सकाळी ऑफिसातून बोलावणं आलं. सोबतीला मालोजीही निघाला. चांगली बातमी असली तर येताना जिलबी आणू, म्हणाला.

लक्ष्मणराव खुर्चीतून उठले. त्यांनी सयाजीचा हात हातात घेतला.

“सयाजी, सबंध कारखान्यात एकच फोटो वाईट निघाला.”

सयाजीनं हात सोडवून जोडले. लबाडी कळली होती तर. “चुकलं, राव. घरात तीन पोरं हायत...”

“तुझं काय चुकलं? आजार काय सांगून येतो? दोन्ही फुप्फुसं पोखरलीत रे. डॉक्टर म्हणाले, हा माणूस हिंडतोय कसा? पण बघ, जिला तू विरोध केलास, ती योजनाच तुझ्या कामाला आली. परवा खाट रिकामी होतेय. तुझ्या जागी बदली माणूस घेतलाय.”

“माझा फोटो?”

“तुझाच. खाली नंबर आहे.”

सयाजीनं खिडकीतून पाहिलं. फाटकापाशी, भाषणाच्या त्याच खोक्यावर मालोजी बसला होता. येऊन एवढा वेळ झाला तरी अजून दम खात होता.

“लक्ष्मणराव,” सयाजी म्हणाला, “ही खाट माझ्या मेव्हण्याला दिली तर?”

“त्या पैलवानाला?” लक्ष्मणराव हसले. “अरे, तो कामगार नाही.”