रुपालीच्या अकरा नोंदी

“सगळ्या हापिसात पेन ड्राइव्ह एकीपाशीच हाय,” सेक्रेटरी बाळासाहेब अध्यक्षांना म्हणाले. नाव घ्यायची गरज नव्हती. द्राक्ष बागायतदार संघाच्या ओतूरच्या कचेरीत कॉम्प्युटर एक आणि तो चालवणारी रुपाली एक.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर सकाळी मशीन सुरू केलं, तर दोनशे बागांच्या फवारणीच्या नोंदी गायब. त्या नोंदींशिवाय परदेशात माल जात नाही. पुण्याहून आलेल्या इंजिनिअरनं व्हायरस काढला, कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून तो शिरलाय एवढं सांगितलं आणि चहा पिऊन तो निघून गेला. कागद शाबूत होते म्हणून निभावलं. नाहीतर हंगामच गेला असता.

“रुपाली, उद्यापासून येऊ नको,” अध्यक्ष संपतअण्णा म्हणाले.

रुपाली घाटघरची. नोकरीसाठी ओतुरात खोली घेऊन एकटी राहणारी तिच्या गावातली पहिलीच. तिला राग आला. रडू मात्र आलं नाही, आणि ते बाळासाहेबांना जरा खटकलंच.

“अण्णा, आधी एक बघा. मंग जाते.”

उन्हाळ्यात तिनं नेटवरून एक फुकटचा प्रोग्रॅम उतरवून घेतला होता. मशीनला कुणीही पेन ड्राइव्ह लावला की तारीख, वेळ आणि त्या पेन ड्राइव्हचं नाव तो गुपचूप लिहून ठेवायचा. “फुकट देणारा काय येडा हाय व्हय?” असं तेव्हा बाळासाहेब हसून म्हणाले होते आणि नंतर सगळं विसरूनही गेले होते. नोंदी खाणाऱ्या व्हायरसनं ही यादी तेवढी सोडली होती.

अण्णांनी चष्मा लावला. पडद्यावर बारा ओळी होत्या.

“वरच्या अकरा माझ्या,” रुपाली म्हणाली. शाळेत पाढे म्हणावेत तशा तिनं त्या एकेक करून वाचल्या. कोणत्या दिवशी काय काम होतं, तेही सांगितलं. एकदाही अडखळली नाही.

“आन् ही बारावी?”

“आठ ऑक्टोबर दोन हजार आठ. सकाळचे दहा बेचाळीस. मी गावाला व्हते.”

“आठ म्हंजी खंडेनवमी,” अण्णा म्हणाले. “त्या दिशी यंत्राला कोण हात लावतंय? आपण नुसती पूजा...”

अण्णा बोलता बोलता थांबले. पूजा झाली होती, आणि दणक्यात झाली होती. काळ्या ठिक्कर पडद्याला काय ओवाळायचं, म्हणून बाळासाहेब फोटो स्टुडिओवाल्याचा पेन ड्राइव्ह मागून घेऊन आले होते. पडद्यावर देवीचा फोटो लागला. निरांजन अण्णांनी ओवाळलं, हळदकुंकू पेन ड्राइव्हलाही लागलं. बाराव्या ओळीत त्या स्टुडिओचंच नाव होतं.

“देवीचाच फोटो व्हता, राव,” बाळासाहेब पुटपुटले. मग रुपालीच्या खुर्चीशी वाकून हळूच म्हणाले, “तेवढी ओळ पुसता येत आसंल ना?”

“येती की. पर मंग माझ्या अकरा खऱ्या हायेत, हे कोण मानंल?”

“पुसायची न्हाई,” अण्णा म्हणाले. “छाप ते. निरांजन माझ्या हातात व्हतं, खाली सही मी करतो. आन् उद्या वेळेवर ये.”

तिनं दोन प्रती काढल्या. एकीवर अण्णांनी सही केली आणि ती फाइलला लागली. दुसरी रुपालीनं स्वतःपुढं ठेवली.

“ही कशाला?” बाळासाहेबांनी विचारलं.

“घरी नेते. आबाला वाचता येत न्हाई, मी वाचून दाखवीन. त्याच्या लेकीनं इथं काय काय काम केलं, ते मशीननं लिवलंय.”

“बारावी बी वाचशील?”

रुपालीनं कागदावर पट्टी ठेवली, शेवटची ओळ सरळ फाडली आणि ती चिठ्ठी त्यांच्या टेबलावर ठेवली.

“ती हापिसाची हाय, साहेब. घरी मी माझंच नेते.”