ठमीला झालंय तरी काय

ठमी दोन पावलं चालली, थबकली आणि अंगणाच्या मधोमध कुशीवर आडवी झाली. मग धडपडत उठली आणि असं इकडेतिकडे बघितलं, जणू पडलं ते दुसरंच कुणीतरी.

पेंटरने कोंबडीला चटकन उचलून काखेत मारलं. ऊन लागलंय हिला, तो म्हणाला, मागे सावलीत ठेवून येतो, तुम्ही चहा घ्या.

मेहुणा काही चहा घेईना. बायकोचा हा थोरला भाऊ न कळवता सकाळीच येऊन टपकला होता आणि आल्यापासून पेंटरच्या डोळ्यांत डोळे घालून बसला होता. जन्मभर तिकीट तपासनीस. माणूस नुसता खिसा चाचपायला लागला, की याला कळायचं तिकीट आहे की नाही.

संशयाला कारणही होतं. पेंटर एके काळी असा ढोसायचा, की गल्लीत त्याला अजून 'टाकी' म्हणत. दुकानाची पाटी रंगवायला बसला, की शेवटची अक्षरं घसरत घसरत शेजारच्या दुकानाकडे निघायची. बायको विटून भावाकडे गेली. पेंटरने दारू सोडली, मेहुण्याच्या घरच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा कुठे ती परत आली. पाठवताना मेहुण्याने एकच अट घातली होती. घरात पुन्हा बाटली दिसली, की बहीण कायमची माझ्याकडे.

"छकू कुठाय?" मेहुण्याने विचारलं.

"पडलीय आत. डोकं धरलंय तिचं."

"हल्ली सारखंच धरतं म्हणे. तुमच्यासारखा नवरा असल्यावर धरेल नाहीतर काय."

पेंटरने चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला.

एवढ्यात कुंपणावरून शेजारच्या काकूंचं डोकं वर आलं. काकूंकडे खुराडंभर कोंबड्या आणि तोंडभर सल्ले. त्यांनी अंडं अडकल्याचं निदान करून टाकलं, वर तेलाचं बोट फिरवायला सांगितलं. मेहुण्याने मान हलवली. त्याला ही मानमोडी वाटत होती. एकीला झाली, की गल्लीतली एक कोंबडी शिल्लक राहत नाही, असंही त्याने ऐकवलं. काकूंचा चेहरा पडला. मग तर डॉक्टर आलाच पाहिजे, म्हणून त्या अडूनच बसल्या.

पेंटर नको म्हणाला. एका कोंबडीपायी कुठे डॉक्टर बोलवायचा, मरायची असेल तर मरेल, मी नेऊन पुरतो, म्हणाला. काकू बघतच राहिल्या. हाच माणूस रोज ठमीला तळहातावर दाणे भरवायचा.

मेहुण्याने फोन काढला.

जनावरांचा डॉक्टर आला तो घाईतच. ठमीला मांडीवर घेऊन त्याने डोळे बघितले, पंख ताणून बघितले. तुरा लालभडक होता. मान सरळ होती. पोटाखाली बोटं फिरवली, अंडं नव्हतं. गळ्याखालची पिशवी दाबली, ती दाण्यांनी फुगलेली, पण मऊ होती. पेंटर बाजूला उभा राहून घाम पुसत होता. डॉक्टरने ठमीची चोच नाकाजवळ नेली. हुंगली. चष्मा काढून पुन्हा हुंगली.

"हिला रोग नाही झालेला," तो म्हणाला. "ही प्यालीय."

काकू फिस्सकन हसल्या. टाकीची कोंबडी ती, दुसरं काय पिणार, असं बोलूनही गेल्या. मग मेहुण्याकडे बघून त्यांनी पदर तोंडाला लावला.

डॉक्टरने समजावून सांगितलं. दाण्यांवर दारू सांडली असणार, तेच दाणे हिने टिपले. मोठ्या जनावराला एवढ्याने काही होत नाही, पण या एवढ्याशा जिवाला ती झेपत नाही. पाणी पाजत राहा, पण फार आशा ठेवू नका.

मेहुणा तोवर खुराड्यामागे पोचला होता. तिथली माती ओली होती. दाणे फुगले होते. त्याने बाही सरसावून पेंढ्यात हात घातला आणि रिकामी बाटली काढून सगळ्यांसमोर धरली. डॉक्टरने बॅग उचलली. काकूंचं डोकं कुंपणाखाली गेलं.

आतल्या दारात बायको येऊन उभी होती. चौकट घट्ट धरून.

"कुणाची ही?" मेहुण्याने विचारलं.

पेंटरने एकदा दाराकडे बघितलं.

"माझी."

"दादा, अरे ऐक जरा," बायको म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस," पेंटर तिला म्हणाला. "जा तू दादाबरोबर. माझ्याच्याने नाही होत आता."

मग फार बोलाचाली झाली नाही. मेहुण्याने त्याला जावईबापू म्हणून वर निर्लज्ज म्हटलं, आणि बहिणीला कपडे भरायला लावले. तिच्या हातून पेटीचं कुलूप लागेना, ते पेंटरने लावलं. ती त्याचा हात सोडत नव्हती. असल्या माणसासाठी काय रडतेस, म्हणत भावाने तिला दंडाला धरून रिक्षात बसवलं.

मागे अंगणात ठमीने पंख पसरून जमिनीला चोच टेकवली होती.

पेंटरने पेटी रिक्षात सरकवली. मेहुणा चढायला लागला, तेव्हा त्याने त्याची बाही धरून त्याला जरा बाजूला घेतलं. आवाज एवढा खाली आणला, की रिक्षावाल्यालाही ऐकू जाऊ नये.

"दादा, तुमच्या घरात कुणाची बाटली असेल तर आजच बाहेर काढा. मी सगळं करून बघितलं, खुराड्यामागे ओतूनही बघितलं. कुठेही लपवा, छकूला सापडते."