एका क्षणापुरती जागा

पडद्यावरचं वादळ अकरा दिवस फिरत होतं, आणि आज दुपारी त्याच्या पोटात एक इवलासा भोवरा उठला.

"सर, आला!" ती खुर्चीतून जवळजवळ उडालीच. "ठेवू?"

"घाई नको," सर म्हणाले. "अजून काहीच नाही."

तिने मशीनवाल्या काकांकडे पाहिलं. काकांनी खांदे उडवले. लालभडक वादळातला हिरवागार भोवरा त्यांना चष्म्याशिवाय दिसत होता.

वादळ अर्थात गणितातलं. शेजारच्या खोलीतला महासंगणक ते आकड्यांतून उभं करत होता. सगळे आकडे साठवायचे तर जागा कुठून आणणार? म्हणून मशीन हिशेब करता करताच चित्र काढायचं, आकडे पुसायचं आणि पुढे जायचं. फक्त एका क्षणाचे आकडे पूर्ण ठेवता येतील एवढी जागा होती, आणि तो क्षण कुठला हे सरांनी सांगायचं होतं. वादळ वळण्याआधी त्याच्या पोटात एक छोटा भोवरा उठतो, असं ते बावीस वर्षं सांगत होते आणि लोक बावीस वर्षं हसत होते. नुसतं चित्र दाखवून ते हसू थांबलं नसतं. संध्याकाळी मशीन दुसऱ्यांच्या ताब्यात जाणार होतं.

चित्रांचं काम तिचं. सर तिला लाडाने 'रंगारी' म्हणत. "रंगरंगोटी पुरे, आकडे दाखव," हे त्यांचं पालुपद. लाल आणि हिरवा हे रंग तिनेच निवडले होते, लांबूनही फरक कळावा म्हणून.

"सर, दहा मिनिटांत विरेल हो."

"काय विरेल?" सर डोळे ताणून बघत होते. भलत्याच कोपऱ्यात.

मशीनच्या खोलीच्या दारावर एक दिवा होता. हिरवा असला की आत जायचं, लाल असला की थांबायचं. सर रोज त्या दिव्याखाली उभं राहून विचारायचे, "येऊ का आत?" एवढा मोठा माणूस, पण किती नम्र, असं सगळे म्हणायचे. तीही म्हणायची. आत्ता ते आठवलं आणि तिच्या लक्षात आलं, लाल-हिरव्यातला फरक सरांना दिसतच नसावा.

काकांसमोर हे बोलायचं कसं?

"सर, हे रंग माझ्या डोळ्यांना खुपतायत. बदलते हं."

"बघा, हिला आत्ता रंग सुचतायत!" सर काकांना म्हणाले.

तिने भराभर दोन नवे रंग निवडले. चित्र गेलं, परत आलं. आता वादळ गडद निळं होतं आणि भोवरा फिका पिवळा.

सर ताडकन उठले. खुर्ची मागे कलंडली.

"ठेव! अगं ठेव, बघतेस काय!"

तिने कळ दाबली. काकांनी दोनदा तपासलं. "सगळे आले, साहेब," ते म्हणाले आणि डोळे पुसत चहा आणायला गेले.

खोलीत दोघंच उरली. भोवरा विरून गेला होता.

"कुणाजवळ बोलू नकोस," सर म्हणाले.

"काय, सर?"

सरांना हसू फुटलं. या पोरीवर त्यांचा फार जीव होता, पण तसं सांगायची त्यांना सवय नव्हती. ते म्हणाले, "तो ठेवलेला क्षण मघाच्या रंगांत लाव बरं."

तिने लावला. सर पडद्याला नाक टेकेल इतके जवळ गेले, बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी 'नाही' अशी मान हलवली.

"मघाशी या रंगांत तुला हे कसं दिसत होतं गं? सांग."

वेग सांगता आला असता, दिशा सांगता आली असती.

"भीती वाटली, सर," ती म्हणाली. "आणि फार सुंदर दिसलं."

सरांनी खिशातून वही काढली आणि आकड्यांच्या रांगेखाली ते जसंच्या तसं उतरवून घेतलं.